दक्षिणेचा गाळा सोडू नका

बाळा, चंद्रपुरात इरई नदीच्या पलीकडे दाताळा-कोसाऱ्याकडे म्हाडाचं घर मिळतं का बघतोस, हे ऐकून बरं वाटलं. भाड्याच्या खोल्या बदलत किती दिवस काढणार! पण सूनबाईच्या माहेरून पहिला निरोप आला तो "दक्षिणेचं दार असेल तर अर्जच करू नका" असा, आणि तू कुणा वास्तुवाल्याला फी देऊन नकाशा दाखवायला निघालास. त्याआधी आत्याचं ऐकून घे. मी सांगते ते माझ्या एकटीच्या डोक्यातून आलेलं नाही. माझे सासरे गवंडी होते. मूल-सावलीकडे त्यांच्या हातची घरं अजून उभी आहेत. पाया खोदताना ते नारळ फोडायचे, दिशा पाहायचे, ईशान्येचा कोपरा मोकळा ठेवायचे. मात्र प्रत्येक नियमाला त्यांचा एक प्रश्न असायचा: ही दिशा इथे काय काम करते? ऊन आणते, वारा आणते, की पाणी आणते? कामाचं उत्तर मिळालं की नियम पाळायचा. नाही मिळालं तर त्यापायी घरधन्याचा एक रुपयाही जास्त खर्च होऊ द्यायचा नाही.

तर चंद्रपुरात पहिली दिशा पाहायची ती पश्चिम. पूर्वेचं नंतर बघू.

आपल्याकडे मे महिन्यात ४६-४७ अंश म्हणजे बातमीसुद्धा होत नाही. २००७ च्या जूनच्या सुरुवातीला ४९ पर्यंत पारा गेला होता. त्यात मेमधला सूर्य सरळ पश्चिमेला मावळत नाही, चांगलाच उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणजे दुपारी दोनपासून साडेसहापर्यंत जी भिंत भाजून निघते ती पश्चिमेची आणि वायव्य कोपऱ्याची. विटांच्या भिंतीला तापायला वेळ लागतो तसा निवायलाही लागतो. दिवसभर प्यायलेलं ऊन ती रात्री आठनंतर खोलीत सोडायला लागते, नेमकं आपण आडवं व्हायच्या वेळी. जुन्या मातीच्या भिंती दीड-दोन हात जाड असायच्या, त्यांतून ते ऊन आत पोचेपर्यंत पहाट व्हायची. आताच्या भिंती इंचांत मोजायच्या.

सासऱ्यांची परीक्षा साधी होती. रात्री नऊच्या सुमारास आतल्या बाजूनं पश्चिमेच्या भिंतीला उघडा तळहात लावायचा आणि सावकाश वीस अंक मोजायचे. तेवढ्या वेळात हात काढावासा वाटला, तर त्या खोलीत लहान मूल किंवा म्हातारं माणूस झोपवायचं नाही. नव्या इमारतीत रात्री कोण जाऊ देणार, म्हणशील. मग शेजारच्या, माणसं राहायला आलेल्या इमारतीत जा. म्हाडाच्या एका योजनेतल्या इमारती बहुतेक एकाच साच्याच्या असतात. तुला मिळणाऱ्या गाळ्याच्या दिशेला ज्याचं घर आहे त्याचं दार वाजव, चहा घे, भिंतीला हात लाव.

नकाशात हे बघ: पश्चिमेकडे काय आलंय? जिना, संडास-बाथरूम, सामानाची खोली किंवा खोल बाल्कनी आली असेल, तर गाळा चांगला. ऊन त्यांनी खाल्लं, तुमच्यापर्यंत आलं नाही. वास्तुशास्त्रात नैऋत्य जड आणि बंद ठेवायला सांगितली आहे, ईशान्य हलकी आणि उघडी. आपल्या उन्हाला हा नियम चपखल बसतो, म्हणून तो मी मानते. पण त्याच शास्त्राच्या नावानं "मालकाची झोपायची खोली नैऋत्येलाच हवी" म्हणतात, ते चंद्रपुरात पाळायचं असेल तर भिंतीबाहेर सावली हवी. मोठं कडुनिंबाचं झाड, समोरची उंच इमारत, काहीही. नाहीतर ती खोली कपाटांना आणि गाद्यांना द्या आणि तुम्ही पूर्वेकडे झोपा.

वरच्या मजल्याबद्दल एवढंच: स्लॅब ही दिवसभर सूर्याखाली पडलेली भिंतच आहे. सोडतीत शेवटचा मजला आलाच तर नाकारू नका, पण पांढऱ्या लेपाचे पैसे पहिल्या वर्षीच बाजूला ठेवा, आणि मेअखेरचा नवतपा लागायच्या आधी लेप मारून घ्या. गच्ची सगळ्यांची असते, म्हणून सोसायटीची लेखी परवानगी घ्यायला विसरू नका.

आता दक्षिणेचं. याच्यासाठीच लिहायला बसले.

दक्षिण यमाची म्हणून लोक घाबरतात. पण आपला सूर्य काय करतो ते बघ. चंद्रपूर जवळजवळ २० अंश अक्षांशावर आहे. २० मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून २३ जुलैपर्यंत मध्यान्हीला तो किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागतच नाही, साधा दोन फुटांचा छज्जा तिला पुरतो. उलट डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, तेव्हा त्याच खिडकीतून कोवळं ऊन खोलीत आतपर्यंत येतं. आपल्याकडची थंडी कमी समजू नकोस, जंगलाच्या कडेला रात्री पारा चांगलाच उतरतो. मेमध्ये सावली आणि डिसेंबरात ऊन देणारी दिशा सोडायची कशासाठी? माझं मत स्पष्ट आहे: दक्षिणेकडे खिडक्या आणि बाल्कनी असलेला, पश्चिम झाकलेला गाळा हा चंद्रपुरातला उत्तम गाळा. लोक भीतीनं सोडत असतील, तर तो तुम्ही आनंदानं घ्या.

आणि दाराचं म्हणशील तर फ्लॅटचं दार कुठे उघडतं? जिन्यात. त्यातून ना ऊन येतं ना वारा. वाड्याच्या काळात दारातूनच उजेड, वारा, पाहुणा, गाय सगळं आत यायचं, तेव्हा दाराची दिशा म्हणजे घराची दिशा होती. आता ते काम खिडक्यांनी आणि बाल्कनीनं घेतलंय. एका मजल्यावर चार गाळे समोरासमोर असतात. एकाचं दार उत्तरेला तर समोरच्याचं दक्षिणेला असणारच. ती निम्मी माणसं काय वाईट दशेत जन्म काढतात? ऊर्जानगरच्या, दुर्गापूरच्या वसाहतींत दक्षिणेच्या दारांच्या क्वार्टरांतून पोरं शिकली, लग्नं झाली, माणसं सुखानं निवृत्त झाली. डोळ्यांसमोरची गोष्ट आहे.

चिनी लोक फेंगशुई पाहतात ते तू टीव्हीवर बघितलं असशील. सिंगापुरात तर बहुतेक लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्याच इमारतींत राहतात. १९६० सालापासून ते मंडळ घरं बांधतंय, आणि गाळा निवडताना तिथली कित्येक चिनी कुटुंबं दिशा दाखवून घेतात. पण त्यांच्या मूळ शास्त्रात दक्षिणेकडे तोंड असलेलं घर सर्वांत चांगलं. कारण चीनच्या उत्तर भागात हिवाळ्याचे बोचरे वारे उत्तरेकडून येतात आणि ऊब दक्षिणेकडून. त्यांनी त्यांच्या हवेप्रमाणे नियम केला. सिंगापूर विषुववृत्ताजवळ, तिथे थंडी नाहीच, म्हणून तिथला माणूस गाळा बघताना पश्चिमेचं ऊन टाळतो. दुसऱ्या गावाचा नियम आपल्या गावात आणताना आपली हवा त्याला लावून बघायची, ती अशी.

उत्तरेचंही हेच. उत्तर कुबेराची, मोकळी असावी, खिडक्या तिकडेच असाव्यात, हे पुण्याच्या किंवा नागपूरच्या पुस्तकात वाचायला ठीक. चंद्रपूर शहराच्या उत्तरेला काय आहे? २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आणि त्याला लागून दुर्गापूर-पद्मापूरच्या कोळशाच्या खुल्या खाणी. हिवाळ्यात वारा उत्तरेकडून वाहतो आणि सकाळची हवा जमिनीलगत दबून राहते, तेव्हा राख आणि कोळशाची धूळ कुठे जाणार? तुकूममध्ये, दुर्गापुरात राहणाऱ्या बायकांना विचार, वाळत घातलेली पांढरी चादर संध्याकाळी कशी दिसते. त्या भागात घर बघत असाल तर डिसेंबर-जानेवारीत सकाळी जा. एक पांढरं फडकं ओलं करून उत्तरेच्या खिडकीच्या चौकटीवरून फिरव. काळपट-करडा थर आला, तर त्या घरात उत्तरेच्या खिडक्या मोठ्या असणं हा दोषच. सूनबाईला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे ही परीक्षा तुमच्यासाठी सगळ्यांत मोठी समज. खाणीत सुरुंग उडतात त्या वेळी घरात उभं राहून काचा किती थरथरतात तेही बघून घे.

कूलरची जागा कोणतंही शास्त्र सांगत नाही, आणि आपल्याकडे घराचं सुख निम्मं त्याच्यावर असतं. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते, म्हणून तो खिडकीच्या बाहेर, लोखंडी स्टँडवर किंवा बाल्कनीत बसला पाहिजे. पाणी भरल्यावर त्याचं वजन किती होतं याचा विचार करूनच गज आणि छज्जा बघ. दुसरं, आत येणारी हवा कुठून तरी बाहेर गेली पाहिजे. समोरच्या भिंतीला खिडकी किंवा दार नसेल, तर तासाभरात खोली दमट होते, अंथरूण चिकट लागतं आणि लोक म्हणतात कूलर बिघडला. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवता आली पाहिजे. तिसरं, कूलर दुपारी सावलीत असावा, म्हणजे पूर्वेला किंवा दक्षिणेला. पश्चिमेला ठेवला तर टाकीतलं पाणीच तापतं. आणि काही इमारतींत मधोमध हवेसाठी चौक ठेवलेला असतो, त्यात सगळ्यांच्या संडासांच्या खिडक्या उघडतात. हॉलची एकुलती एक खिडकी त्या चौकात असेल, तर तो गाळा कितीही स्वस्त असला तरी नको. कूलर तिथलाच वास ओढून घरात भरेल. टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण उपसून टाकी कोरडी करायची, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच होतात, हे सांगायला नको.

आता पाणी. शास्त्रात वाहतं पाणी ईशान्येला शुभ मानलंय. चंद्रपूरच्या पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, आणि खाली दोघी मिळतात. खांडक्या बल्लाळशाहनं गाव वसवलं, पुढे गोंड राजांनी भोवती परकोट बांधला. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे चार दरवाजे आणि नदीकडे जायच्या खिडक्या आजही आपण बघतो. त्या भिंतीच्या आत आणि उंचवट्यावर राहण्यात शहाणपण होतं. नंतर गाव भिंतीबाहेर सखल जागेत पसरलं. वर्धा नदी फुगली की इरईचं पाणी तिच्यात शिरत नाही, ते उलटं मागे चढतं. म्हणून चंद्रपुरात आभाळ उघडं असतानासुद्धा पूर येतो. जुलै २०२२ मध्ये तेच झालं, नदीकाठच्या वस्त्यांतली घरं पाण्यात गेली. नदी कोणत्या दिशेला आहे हे नंतर बघ, ती किती उंच चढते ते आधी बघ. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. इमारत लाल रेषेच्या बाहेर असावी. महापालिकेच्या नगररचना विभागात विचारता येतं. आणि कागदाबरोबर माणूसही विचार: त्या रस्त्यावरचा दूधवाला, किराणावाला. "२०२२ ला पाणी कुठवर आलं होतं?" एवढंच. तो बोटानं दाखवतो.

जमिनीची परीक्षा वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दिली आहे. हातभर खड्डा खोदायचा, निघालेली माती परत त्यात भरायची. उरली तर जमीन चांगली, कमी पडली तर वाईट. पाणी भरून शंभर पावलं जाऊन यायचं, तरी खड्डा भरलेला असेल तर उत्तम. सासरे हे करायचे, आणि ते अगदी शहाणपणाचं आहे, कारण माती किती घट्ट बसलीय आणि पाणी किती पिते ते त्यात कळतं. झाडीपट्टीत मोरंड, सिहार, बरडी अशा वेगवेगळ्या जमिनी. चंद्रपूर-वरोऱ्याकडे काळी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, पायाला हलवते. तुला फ्लॅटसाठी खड्डा खोदता येणार नाही, पण भेगा वाचता येतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, वर रुंद होत जाणारी भेग दिसली तर पाया हललाय असं समज. प्लास्टरच्या केसासारख्या बारीक रेषांना घाबरू नको, त्या सगळीकडे असतात. इमारतीभोवतीचा सिमेंटचा पट्टा भिंतीपासून सुटलाय का, जिन्याच्या पहिल्या पायरीशी फट पडलीय का, हे वाकून बघ.

कोळशाच्या पट्ट्यात आणखी एक विचारायचं: खाली जुनी भूमिगत खाण आहे का? ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर अख्खं जमिनीत गेलं. माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. त्या घराचं दार कोणत्या दिशेला होतं याला काय अर्थ उरला? घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूर, माजरी या बाजूला घर घेताना हा प्रश्न आधी विचारायचा.

तुझी बदली गडचिरोलीला झाली तर हिशोब बदलेल. तिकडे राख नाही, पाऊस आहे. पर्लकोटा नदीच्या पुरानं भामरागडचा रस्ता दर पावसाळ्यात बंद होतो, तो हा भाग. गडचिरोलीत कॉम्प्लेक्स भागातल्या सरकारी वसाहतींत क्वार्टर मिळालं तर पश्चिम-नैऋत्येच्या भिंतीवर ओल चढलीय का ते बघायचं, कारण पावसाचा मारा त्याच बाजूनं बसतो. तिथे छज्जा नसलेली खिडकी घेऊ नका. तळमजला असेल तर मागच्या सांदवाडीत गवत आणि विटांचे ढीग नकोत, सापांना तेवढं पुरतं.

आणि दोन्ही जिल्ह्यांत वसाहतीची शेवटची इमारत बघताना जंगल कुठे लागतं ते बघ. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघानं एका कामगाराला मारलं, आणि लगोलग दुर्गापुरात बिबट्यानं एका पोराला उचललं. अशा जागी घर घ्यायचंच नाही असं मी म्हणत नाही, आपण वाघांच्या मुलखातच राहतो. पण उघडा कचरा कुठे पडतो ते बघ. कचऱ्यावर डुकरं आणि कुत्री येतात, त्यांच्यामागे बिबट्या येतो. इमारत आणि बाभळीच्या झुडपांच्या मध्ये दिवा आहे का, कुंपण धड आहे का, लेकरं खेळतात ती जागा कोणत्या बाजूला आहे, हे संध्याकाळी सातला जाऊन बघ.

स्वयंपाकघर आग्नेयेला असेल तर छान. सकाळचं ऊन ओट्यावर येतं, ओल राहत नाही, आणि हिवाळा सोडला तर वारा बहुतेक पश्चिमेकडून असल्यानं धूर घरात न फिरता बाहेर जातो. नसेल तर धूर ओढणारा पंखा लाव आणि गॅसची शेगडी पूर्वेकडे तोंड करून ठेव. शेगडी फिरवता येते, पलंग फिरवता येतो, देव्हारा ईशान्येला मांडता येतो. फिरवून होणारी वास्तू जरूर करा, तुझ्या आईचं आणि सूनबाईच्या घरच्यांचं मन राहतं, आणि मन शांत असणं ही घराची मोठी गरज आहे. वास्तुशांतही करा, चार माणसं जेवतील. मात्र फोडून होणारी वास्तू करू नका. ईशान्येचा संडास हलवायचा म्हणून जमीन फोडली की पाणी खालच्या घराच्या छतात उतरतं आणि कायमचं वैर होतं. भिंत पाडताना कॉलम-बीमला धक्का लागला तर अख्ख्या इमारतीला धोका. पिरॅमिड, आरसे, तांब्याच्या पट्ट्या यांच्यावर एक पैसाही घालू नको. त्या पैशात पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लाव.

शेवटी निवडीचं. म्हाडाची बरीचशी घरं सोडतीनं मिळतात, मजला आणि दिशा आपल्या हातात नसते. म्हणून खरी निवड अर्ज भरताना करायची: कोणत्या जागेची योजना, कोणता उत्पन्न गट, नदी किती लांब, धुराडी कोणत्या बाजूला. "मी तुम्हाला पूर्वेचा गाळा काढून देतो" म्हणणाऱ्या दलालाला दारात उभं करू नको. सोडत संगणकावर होते, तो काहीही काढून देऊ शकत नाही. शिल्लक राहिलेली घरं कधीकधी पहिल्या येणाऱ्याला देतात, तेव्हा मात्र गाळा निवडायला मिळतो, आणि त्यात लोकांनी भीतीनं सोडलेले दक्षिणेचे गाळे हमखास असतात.

तेव्हा फी भरून नकाशा दाखवायच्या आधी दोघं मिळून मे महिन्यात दुपारी चारला त्या जागेवर जाऊन या. तिथे आधीपासून राहणाऱ्या एखाद्या बाईला विचारा, "ताई, उन्हाळ्यात तुम्ही रात्री कोणत्या खोलीत झोपता?" ती जी खोली दाखवेल, तिची दिशा लिहून घ्या आणि मला कळवा.